लोणावळ्याच्या रानातील एक पहाट

लोणावळ्याहून कुरवंड्याच्या अंगाला गेले की इंद्रायणीचा उगम लागतो. पाहायला जावे असे तिथे फारसे काही नाही. पावसाळ्यात तिकडचा सगळा डोंगरच पाझरत असतो. त्यातला नेमका कोणता पाझर म्हणजे इंद्रायणी, हे नव्या माणसाला कळायचे नाही. पण हेच पाणी मावळातून वाहत देहूला जाते, पुढे आळंदीला जाते, आणि तिथे माणसे त्यात बुडी मारून पापे धुतात. आमच्या घरी माळ आहे. लहानपणी आजीबरोबर आळंदीला गेलो की ती मला तीनदा पाण्यात बुडवी आणि म्हणे, "गेलं बघ सगळं!" काय गेले ते मला कळत नसे, पण थंडीने कुडकुडत का होईना, अंग हलके वाटे, हे खरे.

मोठेपणी तसे हलके वाटेना. का वाटेना, ते पुढे सांगेन. आजचा विषय त्याच्याशीच निगडित आहे. आपल्या हातून घडलेल्या पापाची टोचणी मनुष्याला जन्मभर पुरते. तीतून सुटका होते काय, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या माणसाला ती कशी मिळते, याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. धर्माचा अभ्यासकही नाही. कॉलेजात मराठी शिकवतो. शिकवता शिकवता पंडिता रमाबाईंचे लिखाण वाचावे लागले, आणि त्यांनी 1907 साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात अचानक आपले लोणावळे भेटले. मावळातल्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच!

गोष्ट 1896-97 च्या मोठ्या दुष्काळाच्या थोडी आधीची. त्या काळी लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचे मेळावे भरत. घाटातून रेल्वे गेलेली, हवा थंड, भोवती दाट रान. चार दिवस राहावे, प्रार्थना करावी, प्रवचने ऐकावीत, असा तो बेत असे. अशाच एका मेळाव्याला रमाबाई पुण्याहून आल्या. त्यांच्या शाळेतल्या ज्या मुलींनी ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली होती, अशा पंधराजणी त्यांच्या सोबतीला होत्या. एके दिवशी भल्या पहाटे रमाबाई एकट्याच रानात गेल्या. सूर्य उगवत होता. तिथे बसून त्यांनी देवाचे आभार मानले आणि एक अजब मागणे मागितले : ह्या पंधरा मुलींचा वर्ग कर. वर्ग म्हणजे आपण गणितात करतो तोच. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस.

गंमत पाहा! त्या वेळी त्यांच्या संस्थेत एवढ्या मुली नव्हत्या, आणि एवढ्या मुली राहतील अशी जागाही नव्हती. व्यवहारी माणसाने हे मागणे ऐकले असते तर बाईंना उन्हात बसू नका म्हणून सांगितले असते. परंतु पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या, उपाशी आणि निराधार मुली शेकड्यांनी घेऊन आल्या, आणि पुढल्या मेळाव्यापर्यंत तो आकडा भरला, असे त्या सांगतात.

आकडा भरला की न भरला, ह्यात मला फारसा रस नाही. माझे लक्ष त्या पहाटे रानात बसलेल्या बाईकडे जाते. देवापुढे बसून ती काही फेडत नव्हती, नवस बोलत नव्हती, 'हे केले तर ते देईन' असा सौदा करीत नव्हती. हातातले ओझे उतरलेल्या माणसासारखी ती मोकळेपणाने मागत होती. हा मोकळेपणा तिला कुठून आला? कारण ह्या बाईचे आधीचे आयुष्य म्हणजे नुसता हिशेब होता.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. लोकांचा रोष पत्करून त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. भागवताचे अठरा हजार श्लोक ह्या मुलीला मुखोद्गत होते. सगळे कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर पायी हिंडे. एकही तीर्थ सोडायचे नाही, एकही व्रत चुकवायचे नाही, होते नव्हते ते दानधर्मात घालायचे. 1870 नंतरच्या दुष्काळात जवळचे सारे संपले. पानाफळांवर दिवस निघाले. एक वेळ अशी आली की म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी तीर्थात जलसमाधी घ्यायचे ठरवले आणि प्रत्येकाचा निरोप घेतला. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मोलमजुरी करीन, पण हे नको. पुढे वडील गेले, मग आई गेली, बहीणही गेली. आईला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना म्हणून रमाबाईच पुढे झाल्या. उंची कमी, त्यामुळे तिरडी खांद्यावर येईना. त्यांनी ती डोक्यावर घेतली.

एवढे पुण्य जोडून पदरी हे! मनुष्य अशा वेळी काय म्हणतो? आपलेच काहीतरी चुकले असेल. एखादे व्रत राहिले असेल, एखादा मंत्र अशुद्ध गेला असेल, नाहीतर मागल्या जन्मीचे काही असेल. ह्या विचाराला अंत नाही. वही कधी बंद होत नाही. बहीणभाऊ हजारो मैल चालले, 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. आता धर्मशास्त्रे वाचायला मिळाली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की ग्रंथ आपसांत इतर बाबतींत कितीही भांडोत, स्त्री ही जात्याच वाईट आणि तिला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, ह्यावर त्यांचे एकमत आहे. म्हणजे जन्मभर जमा करायचे, आणि खाते मात्र आपल्या नावावर नाहीच.

इथे मला नेहमी एक वाटते. ही मुलगी संस्कृताच्या वाटेने गेली. तीच जर मुक्ताबाईच्या, जनाबाईच्या वाटेवर भेटली असती, आमच्या देहूच्या भंडाऱ्याच्या डोंगराखालून एखादी दिंडी जाताना तिच्या कानावर पडली असती, तर? स्वतःला पतित म्हणवून घेऊन देवाशी भांडायचे धाडस आपल्या संतांनी केले आहेच. पण ह्या जर-तरला अर्थ नाही. तिला जे भेटले ते वेगळ्या वाटेने भेटले.

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी, जात न पाहता, लग्न केले. मुलगी झाली, मनोरमा. 1882 च्या आरंभी नवरा पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

श्रोतेहो, विशेषतः माझ्या आयाबहिणींनो, ह्या 'विधवा' शब्दापाशी थोडे थांबू या. नवरा मेला तो हिच्या पापाने मेला, हिने मागल्या जन्मी काहीतरी केले होते, असे तेव्हा धडधडीत म्हणत. सहा-सात वर्षांच्या पोरीला, जिने नवऱ्याचे तोंडही नीट पाहिलेले नसे, तिला घरातली माणसे खुनी असल्यासारखी वागवीत. रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत छापलेल्या पुस्तकात हे सगळे लिहिले आहे. आता आपण म्हणू, हे जुने झाले. खरेच झाले काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला 2022 साली ठराव करावा लागला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ठराव करावा लागतो, ह्यातच सगळे आले.

तेव्हा ओझी दोन प्रकारची असतात. एक, आपण खरोखर केलेल्या वाईटाचे. दुसरे, न केलेल्या पापाचे, लोकांनी डोक्यावर ठेवलेले. पहिल्याला क्षमा लागते. दुसऱ्याला क्षमा लागत नाही. ते फक्त खाली ठेवायचे असते. पण जिच्या डोक्यावर दोन्ही एकत्र बांधून ठेवली, तिने त्यातले आपले कोणते नि परक्याचे कोणते हे ओळखावे कसे?

रमाबाईंना ह्याचा उलगडा इंग्लंडात झाला. 1883 साली त्या शिकायला म्हणून तिकडे गेल्या आणि वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलमला आपला आश्रम पाहायला पाठवले. 'वाईट चालीच्या' म्हणून जगाने टाकलेल्या बायका तिथे राहत. त्यांना कोणी हिणवीत नव्हते. त्या शिकत होत्या, कामे करीत होत्या, आणि त्यांतल्याच काही पुढे दुसऱ्या पडलेल्या बायकांची सेवा करीत होत्या. अशा बाईला परत उभे करायचे असते, ही कल्पनाच रमाबाईंना नवी होती. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट आली. आपल्या गावात घडावी अशी ती गोष्ट आहे. भर दुपारी एक बाई एकटीच विहिरीवर येते. तिच्या जातीचे पाणी येशूच्या जातीला चालत नाही. तिचे पाच नवरे झालेले, आणि सहाव्याबरोबर ती तशीच राहते. येशू तिच्याकडेच पाणी मागतो. तिचे सगळे आयुष्य त्याला ठाऊक असते, ते तो तिला बोलूनही दाखवतो, आणि तरीही धर्मातले सर्वांत खोल बोलणे तिच्याशीच करतो. ती घागर तिथेच टाकून गावात पळत जाते.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ झाला. पण आपल्याकडे पुष्कळांना वाटते तसे हे 'झाले, सुटल्या' असे काही नव्हते. त्या भगिनींशी त्यांचे वर्षानुवर्षे वाद चालत. समजल्याशिवाय मान डोलवायची नाही, हा बापाचा स्वभाव त्यांच्यात उतरला होता. आणि त्यांनीच पुढे कबूल केले आहे की बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे वही तीच राहिली होती. फक्त पुठ्ठा बदलला होता. पूर्वी स्नाने मोजायची, आता प्रार्थना मोजायच्या. आधी मी चांगली होईन, मग देव मला जवळ करील!

ह्या गुंत्यातून सुटायला एका पुस्तकाची मदत झाली. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने आपली हकीकत लिहिली आहे. वर्षानुवर्षे लोकांना उपदेश करणाऱ्या ह्या गृहस्थाला एके दिवशी व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश करताना, उमगले की हे मलाच लागू आहे. (शिक्षकमंडळींनी हे पुस्तक वाचायला हरकत नाही. आपलीही हीच गत असते!) रमाबाईंना 1891 च्या सुमारास जे समजले ते साध्या शब्दांत असे : क्षमा ही शेवटी मिळणारी मजुरी नव्हे. ती आधी मिळते. पापी आहे तसा यायचे, देणे ख्रिस्ताने क्रुसावर फेडले असे मानायचे, आणि मग उठून कामाला लागायचे.

ह्यावर आक्षेप ठरलेला आहे. माझ्या एका स्नेह्याने तो चांगल्या शब्दांत घेतला होता : "मग तुमचा ख्रिस्ती माणूस रोज पाप करील, रोज माफी मागेल, आणि रात्री घोरत झोपेल!" असे करणारे ख्रिस्ती नसतील असे नाही, तसे तर आळंदीला दर महिन्याला बुडी मारून दर महिन्याला बांध कोरणारे आमचे शेतकरी बांधवही मला माहीत आहेत. पण ह्या श्रद्धेचा तो अर्थ नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका मनुष्य. येशूला पाहायला झाडावर चढून बसतो. येशू त्याला आधी 'लुटलेले परत कर' म्हणत नाही. 'आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे' असे म्हणतो. मग जक्कय आपण होऊन सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. आधी पाहुणा घरी, मग परतफेड. उलटा क्रम असता, तर जक्कयाने चौपटीचे निमपट कसे करता येईल, हाच हिशेब मांडला असता. मनुष्यस्वभावच तो!

रमाबाईंनी काय परत केले, ते केडगावला जाऊन पाहावे. पुणे–दौंड रेल्वेमार्गावरचे हे गाव. दुष्काळातल्या मुलींना पुण्यात ठेवायला प्लेगामुळे बंदी झाली, तेव्हा तिथल्या शेतात त्यांनी बिऱ्हाड थाटले आणि नाव दिले मुक्ती. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढले. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. कोणी विहिरी खणल्या, कोणी माग चालवले, कोणी छापखान्यात खिळे जुळवले. अडाणी बाईलाही कळावे म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. 1921 साली मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. 1893 साली त्यांच्या शारदा सदनातून धर्मांतराच्या शंकेवरून अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. शाळेत धर्म शिकवणार नाही असा शब्द होता, आणि दार उघडे ठेवून प्रार्थना करणे म्हणजे न शिकवणे काय, हा प्रश्न पालकांनी विचारला तर त्यांना दोष देता येत नाही. पण ज्या बाईला ओझे उतरल्याचा आनंद झाला आहे, तिने तो दार लावून घेऊन साजरा करावा, हेही कठीणच.

आता माझे सांगतो. एम.ए. होण्यापूर्वी मी पवन मावळातल्या एका शाळेत दोन वर्षे शिकवीत होतो. चौथीच्या मुलांची कार्ल्याला सहल काढायची होती. वर्गणीतली पन्नासाची एक नोट मिळेना. कातकरवाडीवरचा एक मुलगा मधल्या सुटीत वर्गात एकटाच होता, आणि वर्गणी न भरलेलाही तो एकटाच. मला तेवढे पुरले. मी त्याला छडीने मारले. त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. ते दारातच उभे राहिले, मला हात जोडले, आणि मुलाच्या थोबाडीत मारली. तिसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत यायचा बंद झाला. पुढे दहा-बारा दिवसांनी हजेरीपत्रकाला घातलेले खाकी कव्हर फाटले म्हणून बदलायला घेतले, तर नोट आत. वर्गणीची भर मी आधीच पदरची घातली होती, तेव्हा ती नोट कायद्याने माझीच झाली होती. मी ती खर्च केली. कोणाला बोललो नाही.

त्यानंतर मी फेडायला लागलो. दरवर्षी गरीब मुलांना वह्या. दोन विद्यार्थ्यांची फी. एकदा आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी, आणि पायाला फोड आले तेव्हा मनातून बरेच वाटले. जमेची बाजू भरत गेली, नावेची बाजू तशीच. रमाबाई वाचताना माझ्या लक्षात आले की मी सगळ्या जगाला देत होतो, ते त्या एका मुलाला काही सांगावे लागू नये म्हणून. माझा दानधर्म म्हणजे गप्प बसण्याचे भाडे होते. ज्याला क्षमा कमवायची आहे, तो आपले पाप थोडे लहान करूनच मांडतो. ज्याला ती आधीच मिळाली आहे, त्याला ते आहे तेवढे मोठे पाहायची भीती उरत नाही. रमाबाईंना मिळाला तो आनंद मला मिळाला असे मी म्हणणार नाही. ती श्रद्धा माझी नाही, आणि उसनी घेता येत नाही. पण एवढे कळल्यावर मी वाडीवर गेलो.

तो मुलगा आता बाप्या झाला आहे. तळेगावच्या बाजूला बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतो. संध्याकाळी घरी भेटला. मला ओळखले, बसायला गोणपाट टाकले. मी सांगितले.

"नोट घावली व्हय, सर?"

"घावली. त्याच महिन्यात."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग तेवढं बाला सांगाया पायजे व्हतं. त्यो मरस्तवर म्हनायचा, घेतली आसशील तर खरं सांग, मी काय मारनार न्हाई आता."

माझ्यापाशी ह्याला उत्तर नव्हते. आजही नाही. थोड्या वेळाने त्याने आत हाक मारली. सात-आठ वर्षांची मुलगी बाहेर आली. शाळेचा निळा स्कर्ट अंगावर होता.

"आता म्हनलात ते हिच्याम्होरं परत म्हना," तो म्हणाला.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले : नोट, छडी, आजोबांना बोलावणे, कव्हर. मुलीने ऐकून घेतले आणि बापाकडे पाहिले. आतून त्याच्या बायकोने कोरा चहा आणला. तो पिऊन मी शेवटच्या एस.टी.साठी वाडी उतरलो.